तिकीट मिळतंय, पण वकिलीचं काय?

प्रश्न एका तरुण वकील भगिनीचा आहे. तालुका न्यायालयात काही वर्षं दिवाणी-फौजदारी कामं करतात, स्वतःचं ऑफिस आत्ता कुठे उभं राहतंय. जिल्हा परिषदेचा त्यांचा गट, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव सुटला आणि एका पक्षाने त्यांना विचारलं. त्यांचे सिनियर म्हणतात, "एकदा झेंडा हातात घेतला की अर्धे पक्षकार गेलेच समज." घरचे म्हणतात, संधी दारात आलीय, नाही म्हणू नकोस. त्यांचं विचारणं असं, की कायद्याने हे चालतं का, आणि चालत असलं तरी दोन्ही जमतं का?

मी सांगलीला जिल्हा न्यायालयात पंचवीसएक वर्षं वकिली करते. निवडणूक मी स्वतः लढवलेली नाही. पण गावपातळीवरचं राजकारण जिथे शेवटी येऊन पोचतं, त्या जिल्हाधिकारी कार्यालयात आणि कोर्टात माझा बराचसा दिवस जातो. तिथून जे दिसलं, त्यावरून लिहिते.

आधी कायदा, कारण तो सोपा आहे. वकिलाने कुणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करता कामा नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. वकिलीच्या जोडीला दुसरा पूर्णवेळ व्यवसायही चालत नाही. डॉक्टरकी आणि वकिली एकदम करू देण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हनीराज चुलानी प्रकरणात फेटाळली, आणि तो वाद आपल्याच महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलशी होता. पण लोकप्रतिनिधी हा नोकर नव्हे. २५ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांनाही वकिली करायला मज्जाव नाही, असं स्पष्ट सांगितलं. जिथे खासदाराला चालतं तिथे जिल्हा परिषद सदस्याला न चालण्याचं कारण नाही. तेव्हा वकिलीची सनद गुंडाळून ठेवावी लागेल ही भीती मनातून काढून टाका.

मात्र जिल्हा परिषद व पंचायत समित्यांचा १९६१ चा अधिनियम स्वतः वाचा, कार्यकर्त्याच्या तोंडून ऐकू नका. कलम १६ निवडून येण्याआधीच्या अनर्हतेचं, म्हणजे अपात्रतेचं, कलम ४० निवडून आल्यानंतरच्या. ठेक्यातला हितसंबंध, सभांना सलग गैरहजेरी, अशा गोष्टी त्यात आहेत. माझा सल्ला कलमापेक्षा कडक आहे. सदस्य असेपर्यंत जिल्हा परिषदेच्या बाजूने किंवा विरुद्ध एकही वकीलपत्र घेऊ नका. शिक्षकाच्या बदलीचं असो, अंगणवाडीच्या बांधकामाच्या बिलाचं असो, नाही म्हणजे नाही. फी कितीही असली तरी ते काम दुसऱ्याकडे पाठवा.

आता दुसरा प्रश्न. जमतं का? सिनियर म्हणतात ते अर्धं खरं आहे. पक्षकार झेंड्यामुळे जात नाही. "माझ्या गावातल्या विरोधी गटाचा माणूस यांच्या ऑफिसात बसलेला असतो, मग माझी फाईल इथे सुरक्षित आहे का," हा प्रश्न ज्या दिवशी त्याच्या मनात येतो, त्या दिवशी तो जातो. तुमच्याकडे विकायला दुसरं काही नाही. तुमचा अभ्यास, तुमची उलटतपासणी सगळं नंतर. आधी त्याने तुमच्यासमोर खरं बोललं पाहिजे. पक्षकार आणि वकील यांच्यातलं बोलणं उघड करता येत नाही, हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. पण पक्षकार कलम वाचून येत नाही. तो तुमच्या ऑफिसात बाकावर कोण बसलंय ते बघतो.

एक प्रकरण सांगते, गावाचं नाव न घेता. एका महिला सरपंचाविरुद्ध अर्ज आला, की सासऱ्यांनी गायरानात जनावरांचा गोठा बांधलाय, सबब सरपंच अपात्र. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४, त्यातलं सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचं पोटकलम. २०१८ साली जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की अतिक्रमण कुटुंबातल्या माणसाचं असलं आणि सदस्य त्याचा लाभ घेत असला तरी तो अपात्र ठरू शकतो. त्यानंतर आमच्याकडे अशा अर्जांचा पाऊस पडला. गावात ज्याला मतपेटीत हरवता येत नाही त्याला जमिनीच्या मोजणीत हरवायचं, हा नवा मार्ग सापडला.

या सरपंच बाई ज्या गटाच्या, त्याच्या विरुद्ध गटात माझ्या माहेरची माणसं उघडपणे काम करतात. त्यांना ते माहीत होतं. पहिल्या दिवशी त्या दीराला घेऊन आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या भावाला हे कळणार असलं तर मी दुसरीकडं जाते." मी त्यांना बसवलं, दीराला बाहेर थांबायला सांगितलं आणि फक्त बाईंशी बोलले. अशा प्रकरणात हे महत्त्वाचं असतं. पन्नास टक्के जागा २०११ पासून महिलांना आहेत, पण बाईंची कैफियत अजूनही दीर, नवरा किंवा मुलगा सांगतो. बाई एकट्या बोलल्या तेव्हा कळलं, की गोठा सासऱ्यांच्याही आधीपासूनचा आहे आणि गायरानाची हद्द नक्की कुठून जाते हे गावात कुणालाच सांगता येत नाही.

सगळं प्रकरण उभं होतं ग्रामसेवकाच्या अहवालातल्या एका ओळीवर: "सदर गोठा गायरान क्षेत्रात असल्याचे दिसून येते." कुणाला दिसून येते? मोजणी नाही, नकाशा नाही, भूमी अभिलेखचा माणूस जागेवर गेलेला नाही. पंचनाम्यावर ज्या पंचांच्या सह्या, ते दोघेही अर्जदाराच्या पॅनेलमधून पडलेले उमेदवार. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या, म्हणजे नमुना नंबर आठच्या, उताऱ्यात गोठ्याची नोंद होती, पण चतुःसीमा अशा लिहिलेल्या की त्यावरून काही ठरावं असं नव्हतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे निकाल विरुद्ध गेला. पुण्याला विभागीय आयुक्तांकडे अपील केलं, आणि मोजणीशिवाय अतिक्रमण ठरवता येत नाही म्हणून प्रकरण फेरचौकशीला परत आलं. मोजणी झाली. गोठ्याचा एक कोपराही गायरानात नव्हता.

२७ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना पदावर परत बसवलं. तिथेही आरोप सरकारी जागेवरच्या घराचाच होता. निवडून आलेल्या बाईला, त्यातही ग्रामीण भागातल्या, इतक्या सहज घरी पाठवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तो निकाल आला तेव्हा मी तो पूर्ण वाचला आणि ज्युनिअरनाही वाचायला लावला.

एवढं लांबण लावायचं कारण असं, की त्या बाई माझ्याकडे येऊ शकल्या ते मी कुठल्याही व्यासपीठावर कुणाला शिव्या घातलेल्या नव्हत्या म्हणून. माझी मतं आहेत, मी मतदान करते, घरात वाद घालते. पण समोरच्या गटातल्या माणसाला माझ्याकडे येताना मान खाली घालावी लागेल असं मी जाहीर बोललेली नाही. तुम्ही उभ्या राहिलात तर प्रचारात हेच सगळ्यात जास्त जपावं लागेल. पक्षाचा कार्यक्रम सांगा, रस्त्याचं, शाळेचं, दवाखान्याचं बोला. समोरच्या उमेदवाराच्या घरादारावर बोलू नका, कारण तिच्या नणंदेचा पोटगीचा अर्ज उद्या तुमच्याचकडे यायचा आहे, आणि तो यायला हवा.

विरोधकाचं वकीलपत्र घ्यावं का, असं पुष्कळ जण विचारतात. नियमाने वकील आपल्या कुवतीतलं आणि आपल्या कोर्टातलं काम सहसा नाकारू शकत नाही. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे ठराव बार असोसिएशन करतात. ते ठराव बेकायदा आणि शून्यवत आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात निःसंदिग्ध सांगितलंय. तरीही सदसद्विवेकाला पटतच नसेल तर काम सोडता येतं, पण उघड आणि वेळेत. नानी पालखीवालांनी जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींसाठी सर्वोच्च न्यायालयातून सशर्त स्थगिती मिळवली आणि लगेच आणीबाणी लागल्यावर त्यांचं ब्रीफ, म्हणजे वकीलपत्र, परत केलं. त्यांनी कारण लपवलं नाही, रेंगाळलेही नाहीत. याच्या उलट, विरोधी गटाचं काम घ्यायचं आणि मनात अढी ठेवून ते ढिलं सोडायचं, तारखेला मुदत अर्जावर मुदत अर्ज द्यायचा, यासारखं दुसरं पाप आपल्या धंद्यात नाही. जमत नसेल तर पहिल्या भेटीतच सांगा.

राजकारणात वकील कसा असावा हे बघायचं असेल तर मी महाडकडे बोट दाखवते. बाबासाहेब मुंबईत वकिली करत होते. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, हजारो माणसं पाणी घ्यायच्या तयारीने आली होती. परिषदेच्या आधीच सनातनी मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावून तळ्यावर जाण्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेब स्वतः त्या दाव्यात प्रतिवादी. एका शब्दासरशी लोक तळ्याकडे निघाले असते. ते मनाई हुकूम मोडायला निघाले नाहीत. तो सत्याग्रह स्थगित झाला आणि दावा लढवला गेला, पुढे दहा वर्षं. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळं सगळ्यांना खुलं राहिलं. ज्याच्या मागे इतकी माणसं उभी आहेत, आणि त्याहून म्हणजे ज्याची बाजू माणुसकीची आहे, त्याने कोर्टाच्या तात्पुरत्या हुकमापुढे थांबणं किती अवघड असेल. पण त्या थांबण्यामुळेच निकालाला वजन आलं. आज कुणी लोकप्रतिनिधी "कोर्टाचं कोर्टाला बघू द्या" म्हणतो तेव्हा मला राग येतो. वकील असलेल्या लोकप्रतिनिधीने तर ते वाक्य तोंडातून काढूच नये.

तुमच्या वाट्याला आणखी एक काम येईल, आणि ते तुम्ही मनापासून करावं असं मला वाटतं. आंदोलनातले गुन्हे. आमच्या भागात ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवला, वाहन अडवलं, पोलिसांशी झटापट झाली की जमावबंदीचा भंग, बेकायदा जमाव आणि वर तीनशे त्रेपन्न, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं कलम. महाराष्ट्राने दुरुस्ती करून त्या कलमाची शिक्षा दोनाची पाच वर्षं केली होती आणि खटला सत्र न्यायालयात नेला होता. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालं आणि शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली, पण जुन्या घटनांचे खटले जुन्याच कलमाखाली चालू आहेत. नेत्याच्या मागे वकिलांची फौज असते. त्याच्यासोबत नाव आलेला बावीस वर्षांचा मुलगा मात्र तारखेला एकटा येतो. पोलीस भरतीत, बँकेच्या नोकरीत चारित्र्य पडताळणी आली की त्याचा अर्ज अडतो. एकदा तारखेला आला नाही की वॉरंट निघतं, आणि मग आई दागिना ठेवून जामिनाचे पैसे आणते. मी हे बघितलंय, एकदा नाही.

राजकीय खटले मागे घेतल्याची घोषणा झाली की कार्यकर्त्यांना वाटतं, सुटलो. तसं नसतं. सरकारचा निर्णय झाला तरी सरकारी वकिलाला स्वतः विचार करून अर्ज द्यावा लागतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली, आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. आमदार-खासदारांच्या खटल्यांना तर ऑगस्ट २०२१ पासून उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तुम्ही सदस्य झालात तर पक्षाच्या बैठकीत हे समजावून सांगणाऱ्या कदाचित तुम्ही एकट्याच असाल. मोर्चाला मुलं न्यायची तर त्यांच्या तारखा कोण करणार, हे मोर्चाच्या आधी ठरवून घ्या. पक्षाचा विधी विभाग फलकावरच्या नावांपुरता राहतो तो इथेच.

विधी विभागाचा विषय निघालाच आहे तर जाता जाता एक सांगते. पक्षाचं काम केलं की पुढे सरकारी वकील म्हणून नेमणूक मिळेल, ही आशा पुष्कळ तरुणांना त्यात ओढते. सरकार बदललं की यादी बदलते, हे आपण सगळे बघतो. उत्तर प्रदेश सरकारने सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांना एका आदेशाने काढलं होतं. १९९० मध्ये श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मनमानी ठरवून रद्द केला. खुनाच्या खटल्यात फिर्यादीची बाजू कोण मांडणार, हे पक्षाच्या बैठकीत ठरणं मला अजिबात मान्य नाही. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना स्वतःचा सरकारी वकील निवडता येत नाही. तुम्ही त्या आशेने राजकारणात जात असाल तर जाऊ नका. उद्या तुमची शिफारस मागायला कुणी आलं तर त्याची उलटतपासणी कशी आहे एवढंच विचारा.

वेळेचं गणित थोडक्यात. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा तरी होतेच, विषय समित्यांच्या बैठका वेगळ्या, आणि सगळ्या कोर्टाच्या दिवशीच. त्यात लग्नं, वास्तुशांती, बारावे-तेरावे. तिथे न गेलेला सदस्य गावाला माहीतच नसतो. कोर्ट थांबत नाही. साक्षीदार हजर आणि तुम्ही नाही, तर "नो क्रॉस", म्हणजे उलटतपासणी नाही, असा हुकूम होतो आणि तो रद्द करून घ्यायला खर्च भरून अर्ज करावा लागतो, तो खर्च पक्षकाराच्या खिशातून जातो. म्हणून तुमच्याबरोबर वकीलपत्रावर दुसऱ्या वकिलाचं नाव हवं, आणि तो नुसता तारीख घेणारा नको. प्रकरण पूर्ण वाचलेला, साक्ष घेऊ शकणारा हवा. त्याला फीतला रास्त वाटा द्या. सदस्यत्वाच्या काळात नवीन दावे कमी घ्या. मला विचाराल तर साक्षीपुराव्याची मोठी फौजदारी कामं पाच वर्षं बाजूला ठेवा. दस्त, सल्ला, तडजोडी, वारसाची कामं यावर ऑफिस चालतं.

राजकारण म्हणजे फक्त पक्ष, असंही समजू नका. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ व्हावं म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी कित्येक दशकं आंदोलन केलं. त्यात सगळ्या पक्षांचे लोक होते. बहिष्कार झाले, साखळी उपोषणं झाली, मंत्री बदलले तरी निवेदनं चालू राहिली. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं. माझ्या कामावर याचा जेवढा परिणाम झाला तेवढा कुठल्याही निवडणुकीचा झाला नाही. पूर्वी जतच्या शेतकऱ्याला अपिलाच्या तारखेसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची, राहायचं कुठे हा प्रश्न, आणि तिथे बोर्डावर नंबरच यायचा नाही. आता तो सकाळी निघून रात्री घरी जातो. काही जण अपील करायचंच सोडून द्यायचे, तेही आता विचारायला येतात. बहिष्काराच्या दिवसांत पक्षकारांचे हाल झाले, हेही खरं आहे, आणि त्या दिवसांबद्दल माझं मन आजही पूर्ण मोकळं नाही.

मग तुम्ही उभं राहावं का? मी हो म्हणेन, एका अटीवर. मार्च २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकून पडल्या, शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्यायला सांगावं लागलं. इतकी वर्षं लोकांना सदस्यच नव्हता. अशा वेळी ठराव वाचता येणारी, कलम उघडून बघणारी बाई सभागृहात गेली तर मला फार बरं वाटेल. अट अशी, की पक्षाला आत्ताच दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं समोरासमोर घ्या. माझ्या ऑफिसातल्या फायलींबद्दल पक्षातलं कुणी काही विचारणार नाही ना? आणि व्हीप, म्हणजे पक्षादेश, कुठल्या विषयांवर काढणार? स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अनर्हतेचा १९८६ चा कायदा आमदारांच्या पक्षांतरबंदीसारखाच आहे. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. अध्यक्षपदाच्या निवडीला व्हीप समजू शकते. तुमच्याच गटातल्या गावाविरुद्ध मत द्यायला लावणारा व्हीप निघाला तर काय करणार, हे आधी बोलून घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर अपक्ष लढा किंवा पुढच्या वेळेची वाट बघा.

पक्षकारांना सांगायला घाई करू नका, पण उशीरही नको. ज्यांचे साक्षीपुरावे चालू आहेत त्यांना एकेकाला बोलवून सांगा, फाईल हवी असेल तर कागद मोजून, पोच घेऊन परत द्या, आगाऊ घेतलेल्या फीचा हिशोब त्याच दिवशी पुरा करा. आणि हे सगळं पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म हातात पडल्यावर. शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता तो फॉर्म दुसऱ्याच्या नावाने निघालेला मी अनेकांच्या बाबतीत बघितलाय, आणि तोवर त्यांनी निम्मी कामं वाटून टाकलेली होती.